साडूच्या बोटीचं इंजिन आणि आमचा कूलर

२२ मार्च

आलं एकदाचं. रत्नागिरीहून निघालेलं खोकं सहा दिवसांनी नागपुरात वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनला लागलं, तिथून छोट्या हत्तीत टाकून त्रिमूर्तीनगरला घरी आणलं. उतरवायला मी, पुतण्या आणि गाडीवाला असे तिघं, आणि "सावकाश, सावकाश" म्हणायला अख्खी गल्ली. कंपनीच्या कागदावर गिअरबॉक्ससकट कोरडं वजन ७६ किलो आहे, पण मीठ, गंज आणि आतलं जुनं तेल धरून माझ्या कमरेला ते शंभर वाटलं.

इंजिन म्हणजे यानमार १जीएम१०. एक सिलिंडर, ७५ एमएमचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ७२ एमएमचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), ३१८ सीसी, ३६०० आरपीएमला ९ हॉर्सपॉवर. मी एसटीच्या हिंगणा वर्कशॉपात २८ वर्षं सहा सिलिंडरची इंजिनं खोलली, त्यांच्यासमोर हे म्हणजे शिवणाची मशीन. साडूभाऊंनी तिकडे एक जुनी २४ फुटी शिडाची बोट घेतली, तिचं हे इंजिन आधीच्या मालकानं काढून शेडमध्ये ठेवलं होतं. तो म्हणाला चालू कंडिशन आहे, डायरेक्ट बसवा. साडू बसवणारच होते. मी फोनवर म्हटलं थांबा बापा, बसवायच्या आधी एकदा उघडून तर पहा, तर म्हणे दादा मग तुम्हीच पहा. असं ते माझ्या गळ्यात पडलं. रत्नागिरीत मेकॅनिक नाहीत असं नाही, ट्रॉलरची मोठी इंजिनं करणारे एक से एक लोक आहेत, पण सीझनमध्ये ते हाती लागत नाहीत आणि ९ हॉर्सपॉवरच्या खेळण्यासाठी कोण वेळ काढतो.

शेजारचे काका विचारून गेले, "काय भाऊ, अंबाझरी तलावात जहाज सोडून राहिले का?" हा प्रश्न आता दोन महिने चालणार.

२३ मार्च

आज काही खोललं नाही, नुसतं पाहिलं. चारी बाजूंनी फोटो, प्रत्येक पाइपला चिकटपट्टी लावून नंबर. मग डीकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, कडी उचलून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला आणि हळूच फिरवलं. फिरलं. जीव भांड्यात पडला, कारण समुद्राचं पाणी सिलिंडरमध्ये शिरून रिंगा जाम झाल्या असत्या तर गोष्ट इथेच संपली असती. कडी खाली केली की पिस्टन वर येताना घट्ट अडतो आणि पाना सोडला तर मागे उसळतो, म्हणजे कॉम्प्रेशन आहे. पुतण्यानं पाना हातात घेऊन उलटा फिरवायला सुरुवात केली तेव्हा ओरडलो. चालायच्या दिशेनंच फिरवायचं, नाहीतर पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या, पात्या उलट्या दुमडतात. (सहा दिवसांनी कळलं की त्या पात्यांची काळजी करण्यात काही अर्थच नव्हता.)

डिपस्टिक काढली, तेल डांबरासारखं काळं पण दुधाळ नाही. दुधाळ असतं तर तेलात पाणी.

एक ठरवून टाकलं. बोटीत हे इंजिन पायऱ्यांच्या खाली कोनाड्यात बसतं, समोरून हात जातो, मागून अर्धा जातो, खालून जातच नाही. इथे पोर्चमध्ये जे काम अर्ध्या तासाचं आहे ते तिथे पोटावर झोपून, आरसा लावून, एक दिवसाचं. म्हणून जे नंतर हाताला लागणार नाही ते सगळं आत्ता करायचं, मग ते चांगलं दिसत असलं तरी.

२९ मार्च

पाण्याचा पंप काढला. या मॉडेलमध्ये गाडीसारखा रेडिएटर नाही आणि कूलंट नाही. पंप समुद्राचं खारं पाणी बाहेरून ओढतो, थेट ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या धडात) ढकलतो, तिथून हेड (सिलिंडरवरचं झाकण), तिथून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप), तिथून सायलेन्सरच्या एल्बोमध्ये (वाकड्या पाइपात) धुराबरोबर मिसळून बोटीच्या बाहेर. साधं आणि स्वस्त, पण बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षं खारं पाणी. आपल्या बोअरच्या पाण्यानं कूलर आणि गिझरचं काय होतं ते आठवा आणि त्याच्यात मीठ टाका.

पंपाचं पितळी झाकण उघडलं. इम्पेलरला सहा पाती असायला पाहिजेत, मोजल्या तर चार. बुडापासून तुटलेल्या दोन जागा स्पष्ट दिसून राहिल्या. पंपात तुकडे नाहीत. म्हणजे गेले पुढे, पाण्याबरोबर, इंजिनात. मालक म्हणत होता चालू कंडिशन. चालू असेलही बापा, पण पाण्याविना किती वेळ चाललं ते त्याचं त्यालाच माहीत.

आता हे दोन तुकडे सापडल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही. रबराचा नखाएवढा तुकडा कुठल्याही अरुंद जागी आडवा बसला की पाणी अडतं, इंजिन तापतं, आणि हे होणार कुठे तर बंदराच्या तोंडाशी वारा पडलेला असताना, कारण शिडाच्या बोटीवर इंजिन लागतं तेच मुळी अशा वेळी.

५ एप्रिल

एक तुकडा सापडला! पंपातून निघालेला पाइप ब्लॉकला जिथे लागतो तिथे एक टी (तीन तोंडांचा जोड) आहे, त्यातून एक बारीक फाटा वरून एल्बोकडे जातो. थर्मोस्टॅट बंद असतो तेव्हा पाणी या फाट्यानं जाऊन निदान सायलेन्सरचं रबर तरी वाचवतं. त्या टीमध्ये तुकडा आडवा अडकलेला, भोवती मिठाचा आणि गंजाचा थर जमून दगड झालेला. पेचकसानं खरवडून काढला. दुसरा नाही. फाट्यात तार घातली, फुंकर मारली, आरपार उजेड दिसला. तिथे नाही.

म्हणजे ब्लॉकच्या आत.

एल्बो काढला. आतलं भोक अंगठा जाईल एवढं असायला पाहिजे, करंगळी जाईना. काजळी आणि गंज. ठोकून ठोकून साफ करत होतो तर खालच्या अंगानं पेचकस आरपार बाहेर आला, पापड झाला होता त्याचा. वेल्डिंगवाला म्हणाला, "स्टीलच्या पाइपाचा बनवून देतो ना भाऊ." बनवेल तो, चांगलाच बनवेल, पण पाणी धुरात कुठल्या कोनात आणि किती खाली मिसळतं याच्यावर सगळं आहे, चुकलं तर बंद इंजिनात पाणी मागे येऊन सिलिंडर भरतो. कंपनीचाच मागवायचा. साडूंना किंमत सांगितली, ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

आणि आजचा पराक्रम. थर्मोस्टॅटच्या झाकणाचा एक बोल्ट तोडला. दुपारचा एक वाजलेला, पोर्चच्या पत्र्याखाली भट्टी, घाम डोळ्यात, दोन बोल्ट सुटले होते आणि तिसरा सुटेना. मला माहीत होतं की थांबायला पाहिजे, तेल टाकून रात्रभर सोडायला पाहिजे, गरम करायला पाहिजे. २८ वर्षं पोरांना हेच सांगत आलो. दहा नंबरच्या पान्याला पाइप चढवला. टक. सहा एमएमचा बोल्ट, डोकं पान्यात आणि बाकीचा आत.

जेवलो नाही नीट.

६ एप्रिल

सकाळी सहालाच बसलो. बोल्टाचा जेमतेम तीन एमएमचा खुंट बाहेर होता. त्याच्यावर वायसर ठेवून वेल्ड, वायसरवर नट ठेवून नटाच्या आतून वेल्ड, लालभडक असतानाच पाना न लावता थोडं थांबायचं, लाली गेली की पुढे-मागे पुढे-मागे हलवायचं. पहिला नट निघून आला. दुसरा पण निघून आला. वेल्डिंगवाला पोरगा म्हणे ड्रिल मारू, मी म्हटलं ड्रिल सरकली तर बाजूला हेडची भिंत आहे, अजून एकदा. तिसऱ्या वेळी खुंटानं कुरकुर केली, अर्धा सूत हलला, मी तिथेच थांबून तेल टाकलं आणि चहा पाजला पोराला. चहानंतर अख्खा बाहेर. खुंटाचे आटे खाल्लेले पण हेडमधले शाबूत. आटे पाडायचा टॅप फिरवून साफ केले.

पोरगा पैसे घेत नव्हता, तर्री पोहे खाऊ घातले.

११ एप्रिल

ब्लॉकच्या बाजूला एक पितळी टोपी आहे, तिच्या आत झिंकचा अॅनोड असतो. झिंक हा बळीचा बकरा. खाऱ्या पाण्यात दोन धातू जवळ आले की एक खाल्ला जातो, तर आपला बीडाचा ब्लॉक खाल्ला जाऊ नये म्हणून त्याच्याआधी खाल्ला जाणारा झिंक मुद्दाम ठेवायचा आणि संपला की बदलायचा. टोपी उघडली तर झिंक नावाला नाही, नुसता खिळा आणि पांढरा चिखल. किती वर्षं बदलला नसेल देव जाणे, तेवढी वर्षं ब्लॉकनं स्वतःच सोसलं.

शेजारच्या काकांचा सल्ला, जुन्या सेलचं कवच झिंकचं असतं, ते वितळवून ओता. माणूस केमिस्ट्रीचा रिटायर्ड मास्तर आहे, बोलणं खरं आहे, पण मी म्हटलं काका, बोट बुडाली तर साडू तुमच्याकडे येतील. अॅनोड मुंबईहून मागवला, सोबत एक जास्तीचा.

त्या भोकातून टॉर्च मारून आत पाहिलं. पाण्याची वाट अशी काही दिसतच नाही, तपकिरी खडक दिसतो. नळाचा पाइप लावून मोजलं, ब्लॉकमधून जाऊन १५ लिटरची बादली भरायला जवळपास सहा मिनिटं.

१२ एप्रिल

खडक विरघळवायचा. टॉयलेटचं अॅसिड टाकू नये, ते मिठाबरोबर बीड आणि पितळ पण खातं. लिंबूसत्त्व चांगलं, हळू काम करतं पण धातूला बेतानं लागतं. हे ज्ञान मला कूलरनं दिलं, दरवर्षी कूलरच्या टाकीतला पांढरा थर मी त्यानंच काढतो. इतवारीत किराणा ओळीतून दोन किलो आणलं, दुकानदार म्हणे एवढं? सरबताचं दुकान टाकलं का?

आता हे पाणी इंजिनातून तासन्‌तास फिरवायला छोटा पंप पाहिजे, आणि एप्रिलमध्ये नागपुरात प्रत्येक घरात असा एक पंप असतो. हॉलच्या कूलरची मोटर काढली. बादलीत १५ लिटर पाणी आणि एक किलो लिंबूसत्त्व, बादली आधी दोन तास उन्हात ठेवली, कोमट असलं की चांगलं लागतं आणि आपल्याकडे त्यासाठी गॅस जाळायची गरज नाही. मोटर बादलीत बुडवली, पाइप ब्लॉकच्या खालच्या तोंडाला, थर्मोस्टॅटच्या जागेतून बाहेर पडलेलं पाणी परत बादलीत.

पहिली दहा मिनिटं काही नाही. मग आतून खसखस असा आवाज, सोड्याची बाटली उघडल्यासारखा, आणि वरच्या तोंडातून फेस. अर्ध्या तासात बादलीचा रंग चहाचा, तासाभरात काढ्याचा. पुतण्या व्हिडिओ काढत बसला. मधूनमधून पोपडे यायचे, खपलीसारखे, एका बाजूनं काळे आणि दुसऱ्या बाजूनं पांढरे. मी प्रत्येक पोपडा चाळणीत धरून पाहिला. रबर नाही.

सौ. बाहेर आली. "अहो, मोटर कधी लावता? ४२ आहे आज."

"संध्याकाळी लावतो."

"संध्याकाळी म्हणजे कोणत्या?"

१४ एप्रिल

काम बंद. बाबासाहेबांची जयंती, दीक्षाभूमीवर जाऊन आलो. येताना पाय ठेवायला जागा नव्हती, दर दहा पावलांवर कोणी ना कोणी मठ्ठा पाजत होतं.

१५ एप्रिल

आज उलटं. थर्मोस्टॅटच्या बाजूनं आत आणि खालून बाहेर, दुसरा किलो टाकून. सरळ दिशेनं जे अडकून बसतं ते उलट्या धारेनं सुटतं. चार तास फिरवलं, खालून ओंजळभर रेती आणि खवले निघाले. दुपारी झोप लागली माझी खुर्चीत, तासभर तरी, तेवढा वेळ चाळणी कोणी धरली नव्हती. नंतर बादलीचा तळ हातानं चाचपून पाहिला. रबर नाही.

मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवलं म्हणजे आंबटपणा मरतो, मग साधं पाणी अर्धा तास. पुन्हा बादली लावली. एक मिनिट दहा सेकंद! अॅनोडच्या भोकातून टॉर्च मारली तर आतलं बीड दिसतं, खडबडीत, करडं, पण बीड.

रात्री कूलरला मोटर परत लावली. सौ.चा चेहरा थोडा थंड झाला.

१९ एप्रिल

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल घेऊन घाट रोडला. मशीनवर लावलं तर फवारा नाहीच, एक धार आणि टोकाला लोंबणारा थेंब. १७० किलो प्रेशरला उघडायला पाहिजे ते १३५ला उघडत होतं. आतली सुई चिकटलेली. नवीन नोझल टाकून शिम (पातळ चकत्या) बदलत बदलत १७०वर आणलं, आणि मग जो आवाज आला, कर्र् कर्र्, धुक्यासारखा फवारा, तो ऐकून मला उगीचच वर्कशॉपची आठवण आली. दुकानदारानं पैसे घेताना विचारलं कोणत्या गाडीचं आहे. बोटीचं म्हटल्यावर त्यानं बाकीच्या दोघांना बोलावलं.

घरी कटकट. कूलरला पाणी कमी येऊन राहिलं म्हणे, डावीकडची खसची ताटी कोरडीच राहते. व्होल्टेज कमी असेल म्हटलं.

२६ एप्रिल

पाण्याचा पंप बांधला. जुन्या शाफ्टला सीलच्या जागी नखाला लागेल एवढी खाच पडली होती, नवीन सील टाकूनही तिथून गळलं असतं. लेथवाला म्हणाला भरून घेऊ, मी सील दीड एमएम पुढे बसवला म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर बसतो. पंपाच्या पोटात खाली एक भोक असतं, दोन सीलच्या मधोमध, ते बुजवायचं नाही. पाणी गळालं तर त्यातून बाहेर थेंब पडतो आणि आपल्याला कळतं, ते बुजवलं तर तेच पाणी इंजिनाच्या तेलात. जुन्या पंपाचं हे भोक कोणीतरी एम-सीलनं बुजवलं होतं. हात जोडले त्या माणसाला.

पॅकिंगचा कागद लोहा ओळीतून. झाकणाची आतली बाजू इम्पेलरनं घासून गोल खड्डा पडला होता, काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासून सपाट केली. इम्पेलर नवीन, सहाच्या सहा पाती, ग्लिसरीन लावून.

३ मे

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केले, थंड इंजिनावर दोन्ही ०.२ एमएम. एक्झॉस्टचा ०.३५ झाला होता.

वर्कशॉपचे आमचे जुने उस्ताद आले होते. त्यांचं म्हणणं हेड काढ. एवढं केलं तर तेवढंच काहून सोडतो, आणि तो दुसरा तुकडा हेडमध्येच असंल. माझं म्हणणं कॉम्प्रेशन चांगलं आहे, तेलात पाणी नाही, पाण्यात तेल नाही, हेडचे स्टड खाऱ्या पाण्यात मुरलेले आहेत, त्यातला एक जरी तुटला तर सहा एमएमच्या बोल्टासारखं तीन नटांत भागणार नाही. तासभर वाद झाला. शेवटी उस्ताद म्हणाले, "तुह्या साडूचं हाय, तू पाह्य." हेड काढलं नाही. आज रात्री पण वाटून राहिलं की काढायला पाहिजे होतं का.

बाकी भराभर. पुढचं आणि मागचं ऑइल सील बदललं, मागचं तर बोटीत बसल्यावर दिसत पण नाही. गिअरबॉक्सचं तेल काढलं, स्वच्छ होतं, पाव लिटरच्या वर थोडं लागतं. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा कडक झाला होता, बदलला. डिझेलचे सगळे रबरी पाइप नवे, तांब्याचे वायसर लाल करून पाण्यात विझवले की मऊ होतात, पण दहा-दहा रुपयांचे नवेच टाकले. सेल्फ (स्टार्टर) ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दिला, कार्बन आणि बुश बदलले. इंजिन ज्यावर बसतं ते चारी फाउंडेशनचे रबर डिझेल पिऊन फुगलेले, दाबलं तर बोट रुतायचं, ते नवीन. नवा एल्बो पण आला, साडूंनी बिल पाठवलं, सोबत हात जोडलेलं चित्र.

१० मे

आज हसून हसून पुरेवाट झाली. थर्मोस्टॅट तपासायचा होता. गाडीचा ८०च्या आसपास उघडतो, पण या खाऱ्या पाण्यावरच्या इंजिनाचा ४२ला उघडायला लागतो आणि ५२ला पूर्ण उघडतो. मुद्दामच कमी ठेवलेला असतो, पाणी जास्त तापलं की त्यातलं मीठ आत जमतं म्हणून. तपासायची रीत म्हणजे पातेल्यात पाणी, त्यात थर्मोमीटर आणि थर्मोस्टॅट दोऱ्यानं लोंबता, खाली गॅस.

दुपारी तीनला गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या नळाखाली पातेलं भरलं, थर्मोस्टॅट सोडला, आणि गॅस पेटवायला लायटर शोधेपर्यंत पुतण्या ओरडला, काका उघडला! थर्मोमीटर ४४. गॅस लावलाच नव्हता. माठातलं गार पाणी ओतलं, बंद झाला. पुन्हा नळाचं टाकलं, उघडला. जपानी माणसानं हा भाग बनवताना नागपूरचा मे महिना धरला नसेल.

कूलरची कटकट चालूच आहे. या वर्षीची खस खराब निघाली असं माझं मत आहे.

१७ मे

चालू करून पाहायचं होतं, झालं नाही. स्टँड फरशीला चार बोल्टांनी जाम केलं, निळ्या ड्रममध्ये २०० लिटर पाणी, पंपाचा पाइप त्यात, एल्बोचा पाइप परत त्यातच. तेल १.३ लिटर. ट्रॅक्टरची बॅटरी. डिझेलच्या पाइपांतली एअर काढली, आधी फीड पंप हातानं मारून फिल्टरच्या स्क्रूला, मग इंजेक्शन पंपाला, शेवटी नोझलचा नट ढिला करून सेल्फ मारत. बुडबुडे बंद होईनात. दोन तासांनी सापडलं, फिल्टरच्या बोल्टाखाली जुना तांब्याचा वायसर तसाच राहिला होता. दहा रुपयांचा. तोपर्यंत नऊ वाजले, ऊन आलं, बंद.

साडूंसाठी लिहून ठेवतो. बोटीत सेल्फ असा बराच वेळ मारायची वेळ आली तर आधी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा. इंजिन चालू नसताना धुराचा जोर नसतो, पण पंप पाणी ढकलतच राहतो, सायलेन्सर भरतो आणि मग पाणी मागे येऊन सिलिंडरमध्ये. चालू झालं की लगेच कॉक उघडा. लगेच म्हणजे लगेच.

१८ मे

पहाटे पावणेसहा. कडी उचलून सेल्फ, स्पीड घेतला की कडी खाली, आणि पहिल्या दणक्यात धडधडलं! एक सिलिंडर आहे, सगळं स्टँड थरथरतं, पोर्चच्या पत्र्यावरची साळुंकी उडाली, शेजारचे काका बनियनवर बाहेर. आधी निळा-पांढरा धूर, दोन मिनिटांत साफ. आणि एल्बोच्या पाइपातून पाणी, फच्‌ फच्‌ फच्‌, प्रत्येक दणक्याला एक चूळ. पंपाखालच्या भोकाखाली कोरडा कागद ठेवला होता, अर्ध्या तासानं पण कोरडाच.

पण तेच पाणी तेच पाणी फिरून ड्रम तापायला लागला, वीस मिनिटांत हात ठेवेना. पुतण्याला गाडीवर पिटाळलं, रसवंतीवाल्याकडून अर्धी बर्फाची लादी आणली आणि ड्रममध्ये टाकली. सव्वा तास चालवलं एकूण, कमी-जास्त करत. हेडवर कुठेच हात भाजेल असं गरम नाही, म्हणजे पाणी सगळीकडे फिरून राहिलं. तो दुसरा तुकडा जिथे असेल तिथे आज तरी काही अडवत नव्हता.

उस्तादांना फोनवर आवाज ऐकवला. "टॅपेट वाजून राहिला जरा," म्हणाले. नाही वाजत.

२४ मे

बांधाबांध. तेल पुन्हा बदललं. ब्लॉकमधलं सगळं पाणी काढून टाकलं, नवा अॅनोड लावला, इम्पेलर काढून वेगळा पुडीत दिला, तीन महिने एकाच जागी दाबून राहिला तर पाती वाकड्याच राहतात. बाहेरून चंदेरी रंगाचा हात. उद्यापासून नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, त्यात रंग मारला असता तर डब्यातच वाळला असता.

साडूंना एक कागद लिहिला. बोट जमिनीवर असताना इंजिन बसवा, पण शाफ्टच्या कपलिंगचं अलाइनमेंट पक्कं करू नका, बोट पाण्यात उतरवून दोन दिवस राहू द्या मग करा, लाकूड असो की फायबर, बोट पाण्यात बसली की अंग थोडं बदलतं. पहिल्या २५ तासांनी टॅपेट परत पहा. आणि खाली, दोनदा रेघ मारून लिहिलं की इम्पेलरचा एक तुकडा सापडलेला नाही, पहिले काही तास बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा, धार कमी वाटली की बंद करा. हे लिहिताना लाज वाटली. पण लिहिलं.

२७ मे

गेलं. मृग लागायच्या आत आंबा घाट उतरलं पाहिजे. पोर्चमध्ये चार बोल्टांची भोकं आणि तेलाचा एक डाग.

३० मे

४६. दुपारी जेवून आडवा झालो तर कूलरमधून गरम वारा. सौ. काही बोलली नाही, नुसती कूलरकडे आणि मग माझ्याकडे पाहून राहिली, दीड महिन्यात पहिल्यांदा काही बोलली नाही म्हणून मी उठलो. ताटी काढली, डावीकडची ठाक कोरडी. खस चांगली होती. व्होल्टेज २२५ होतं. मोटर बाहेर काढून खालचं जाळीचं झाकण उघडलं.

मोटरमधल्या छोट्या पंख्याच्या तोंडाशी चिकटून बसलेला, काळा, नखाएवढा, एका बाजूनं तुटलेला आणि दुसऱ्या बाजूनं गोल. दोन बोटांत धरून वाकवला, अजून मऊ होता.

१५ एप्रिल. मी खुर्चीत झोपलो होतो तो तास. उलट्या धारेनं ब्लॉकमधून निघाला, बादलीत पडला, बादलीतून मोटरनं ओढला.

सौ.नं विचारलं काय होतं. दाखवलं. तिनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे व्होल्टेज नव्हतं."

साडूंना फोन लावला. इंजिन अजून खोक्यातच आहे. म्हटलं त्या कागदावरची शेवटची ओळ खोडून टाका.